डाव्या हाताची मोजमापे : जँगो राइनहार्टच्या दंतकथेआड दडलेला इतिहास

१/ #थ्रेड #इतिहास
जॅझच्या इतिहासात ज्या एका डाव्या हाताविषयी अमाप लिहिले गेले, तो हात जँगो राइनहार्टचा. आगीत त्याची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. तरीही तो युरोपातला सर्वांत प्रभावी जॅझ गिटारवादक ठरला. घटना खरी आहे. मात्र ती ज्या रीतीने सांगितली जाते, त्या रीतीने आपल्याला जँगोचा इतिहास वाचूच दिलेला नाही, असे माझे मत आहे. धागा लांब आहे, पण विषयही तसाच आहे.

२/
आधी दंतकथा. तिचे दोन पदर आहेत. पहिला पदर ‘दोन बोटांच्या चमत्कारा’चा. दुसरा पदर ‘बेफिकीर भटक्या’चा : कार्यक्रमाला उशिरा यायचा, कधी यायचाच नाही, मिळालेले पैसे जुगारात उडवायचा, बिलियर्ड आणि मासेमारीत रमायचा, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच्या सहकाऱ्यांनी हे किस्से मायेनेच सांगितले आहेत. पण दोन्ही पदरांचा परिणाम एकच होतो. ज्या जगात कायदा, पोलीस, गुरू, मालक आणि युद्ध असते, त्या जगातून जँगो अलगद उचलला जातो. कालबाह्य झालेला माणूस गोष्टीत शोभतो. इतिहासात त्याला परत आणावे लागते.

३/
जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधल्या लिबर्शी या खेड्यात, मुक्कामाला थांबलेल्या घोडागाडीच्या तांड्यात. सरकारी नोंदीत नाव ‘ज्याँ’, घरचे नाव ‘जँगो’. रोमानी भाषेत या नावाचा अर्थ ‘मी जागतो’ किंवा ‘मी जागा होतो’ असा सांगितला जातो. मराठी वाचकाला इथे कोशाची गरज पडू नये. जाग, जागणे, जागर : धातू एकच आहे. त्याच्या समाजाचे नाव ‘मानूश’. तेही रोमानीच, अर्थ ‘माणूस’.

४/
हा योगायोग नव्हे. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा आहे. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नक’, कानाला ‘कन’, पाचाला ‘पंज’. १७८० च्या दशकात र्‍यूडिगर आणि ग्रेलमान या जर्मन अभ्यासकांनी हे साम्य जगापुढे मांडले. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघालेले हे लोक इराण आणि बायझंटाइन साम्राज्यातून युरोपात पसरले. हे इजिप्तहून आले असावेत, असा समज होऊन ‘इजिप्शियन’चे पुढे ‘जिप्सी’ झाले. म्हणजे हे नाव मुळातच चुकीच्या पत्त्यावर बेतलेले आहे.

५/
मराठीत ‘जिप्सी’ हा शब्द बहुतेकांना पाडगावकरांच्या कवितासंग्रहातून भेटतो. तिथे तो मनात दडलेल्या मुक्त भटकेपणाची प्रतिमा आहे, आणि कवितेत ती सुंदरच आहे. पण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपात हा समाज प्रतिमेपेक्षा पोलीस-दप्तरात अधिक राहत होता. दंतकथा बाजूला ठेवून आपण आता त्या दप्तराकडे वळू.

६/
१६ जुलै १९१२. जँगो अडीच वर्षांचा होता. फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने फिरस्त्यांविषयी एक कायदा केला. कायद्यात ‘रोमा’, ‘मानूश’ असा शब्द नव्हता. ‘नोमाद’ म्हणजे भटके एवढेच होते. सगळे नागरिक समान मानणाऱ्या प्रजासत्ताकाला वंशाचे नाव घेणे परवडणारे नव्हते. पण रोख कोणावर होता, हे कायदा राबवणाऱ्या प्रत्येक शिपायाला ठाऊक होते. तेरा वर्षांवरील प्रत्येक ‘भटक्या’ला एक ‘मानवमितीय वही’ जवळ बाळगणे सक्तीचे झाले. गावात शिरताना शिक्का, गाव सोडताना शिक्का.

७/
त्या वहीत काय लिहिले जाई? उंची. छातीपासूनची मापे. डोक्याची लांबी आणि रुंदी. उजव्या कानाची लांबी. डोळ्यांचा रंग. बोटांचे ठसे. समोरून आणि बाजूने काढलेले छायाचित्र. आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि करंगळीची लांबी.

हा तपशील मला जँगोविषयीच्या साऱ्या किश्शांहून बोलका वाटतो. मानूश माणसाच्या डाव्या हाताचे मोजमाप घेणारी पहिली संस्था संगीत समीक्षकांची नव्हती. ती पोलिसांची होती.

८/
ही मोजमापाची विद्या पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फोन्स बर्तियोंची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालच्या पोलिसांनी स्वीकारली. पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत उभी केली आणि १८९७ मध्ये कोलकात्यात ठसे-विभाग सुरू झाला. पॅरिस आणि कोलकाता ही एकाच काळाच्या एकाच कल्पनेची दोन दालने होती. ती कल्पना अशी : काही माणसे काय करतात हे पाहण्याआधीच ती कोण आहेत ते नोंदवून ठेवावे. या मुद्द्याकडे शेवटी परत येऊ.

९/
राइनहार्ट कुटुंब पुढे पॅरिसच्या वेशीवर स्थिरावले. शहराच्या जुन्या तटबंदीबाहेर बांधकामास मनाई असलेला एक पट्टा होता. लोक त्याला नुसते ‘झोन’ म्हणत. भंगारवाले, निर्वासित, हातावर पोट असणारे कामगार आणि मानूशांच्या गाड्या तिथे दाटीवाटीने राहत. दंतकथेतला ‘मुक्त भटका’ प्रत्यक्षात महानगराच्या कडेला वाढलेला मुलगा होता. उघड्या माळरानापेक्षा त्याला पॅरिसच्या गल्ल्या आणि नाचघरांचे मागचे दरवाजे अधिक परिचयाचे होते.

१०/
तो आपोआप घडला, हेही खरे नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती बँजो-गिटार आली. पूलेत कास्त्रो, गुस्ती माल्हा असे जाणते वादक त्याच्या समाजात होते. त्यांच्या हातांकडे पाहून तो शिकला. ज्याला लिपी येत नाही तो ‘अशिक्षित’, हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही. घराण्यात बसून कानाने विद्या घेणाऱ्या माणसाला आपण भारतात तरी अशिक्षित म्हणू नये.

११/
मग नोकरी. पॅरिसमधल्या ‘बाल-म्युझेत’ या नाचघरांत अ‍ॅकॉर्डियनच्या साथीला तो पोरवयातच बसू लागला. ही कष्टकऱ्यांची करमणूक होती. ओव्हेर्न्य प्रांतातून आलेले मजूर आणि इटालियन स्थलांतरित यांच्या सुरांचे तिथे मिश्रण झालेले. रात्ररात्र वॉल्ट्झ वाजवून त्याचा हात तयार झाला. १९२८ मध्ये ज्याँ व्हेसाद या अ‍ॅकॉर्डियनवादकासोबत त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तबकडीवर नाव छापले गेले ‘जियांगो रेनार’. अठरा वर्षांच्या वादकाला आपले नाव वाचता येत नव्हते, आणि छापणाऱ्यालाही ते नीट लिहावेसे वाटले नव्हते.

१२/
त्याच वर्षी, १९२८ च्या शरद ऋतूत, आग लागली. ब्रिटिश वाद्यवृंदाचा प्रमुख जॅक हिल्टन त्याला ऐकून गेला होता आणि कामाचा प्रस्तावही आला होता. जँगोची पत्नी विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुले बनवत असे. गाडी त्या फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली आणि क्षणात सगळे पेटले. दोघेही वाचले. जँगोचा उजवा पाय आणि डावा हात होरपळला. पाय कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत पडले. त्याने नकार दिला.

ती फुले सेल्युलॉइडची का होती, हा प्रश्नही विचारून पाहावा. तो गरिबीचा घरगुती धंदा होता. दंतकथेत आग नियतीची असते. इतिहासात ती ज्वालाग्राही कच्च्या मालाची आणि अपुऱ्या जागेची असते.

१३/
त्यानंतरचे सुमारे दीड वर्ष हे माझ्या दृष्टीने त्याच्या चरित्राचे केंद्र आहे, आणि नेमके तेच दंतकथेत एका ओळीत उरकले जाते. भाऊ जोसेफने त्याला गिटार आणून दिली. बिछान्यावर पडल्या पडल्या त्याने वादनाची संपूर्ण पद्धत पुन्हा रचली. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांनी सुरावट. आखडलेली दोन बोटे वरच्या तारांवर स्वरसंघ धरायला. म्हणजे ‘दोन बोटांचा वादक’ हे वर्णनही काटेकोर नाही. जखमी बोटे निवृत्त झाली नव्हती. त्यांना त्याने दुसरे काम दिले होते.

१४/
तांत्रिकदृष्ट्या याचा अर्थ काय? चार बोटांचा वादक एका जागी हात ठेवून आडव्या तारांवर फिरू शकतो. दोन बोटांच्या वादकाला गिटारच्या मानेवर लांबच्या लांब धावावे लागते. जँगोच्या वादनातली ती तिरकी झेप, तुटक स्वरांचे ते चढते जिने, अष्टकात वाजणाऱ्या जोड-सुरावटी यांचा उगम या अडचणीत आहे. पण अडचण आपोआप शैली होत नाही. हजारो तासांचा सराव मध्ये असतो. आपण त्याला चमत्कार म्हटले की ते तास खोडले जातात.

१५/
तोवर तो जॅझवादक नव्हताच! १९३१ च्या सुमारास दक्षिणेतल्या तूलाँ या बंदरात एमिल साव्हित्री या चित्रकाराने त्याला आपल्याकडच्या अमेरिकी तबकड्या ऐकवल्या. त्यात लुई आर्मस्ट्राँग होता. न्यू ऑर्लीन्सच्या एका कृष्णवर्णीय मुलाचा ट्रम्पेट पॅरिसच्या झोनमधल्या मानूश मुलापर्यंत लाखेच्या तबकडीवरून पोहोचला. दोघेही आपापल्या देशात कायद्याने दुय्यम ठरवलेल्या समाजांतले होते. यावरून फार भावुक होण्याचे कारण नाही. पण नोंद घेण्याजोगे आहे.

१६/
१९३४ : ‘क्विंतेत द्यु हॉट क्लब द फ्रान्स’. व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, मुख्य गिटार जँगो, साथीला जोसेफ राइनहार्ट आणि रोजे शापू यांच्या दोन गिटारी, आणि लुई व्होलाचा बास. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही, पियानो नाही. फक्त तारा. जॅझचे असे स्वरूप त्याआधी कोणी ऐकले नव्हते. हॉट क्लबचे शार्ल दलोने आणि ह्यूग पानासिए यांनी या पंचकाला व्यासपीठ आणि ध्वनिमुद्रणे मिळवून दिली.

१७/
ड्रमशिवाय ताल कसा? साथीच्या गिटारींवर एक विशिष्ट ठोका असतो : ‘ला पोंप’, म्हणजे पंप. तार छेडायची आणि लगेच हात सैल करून तिचा आवाज तोडायचा. त्या तुटण्यातून तालवाद्याचा भास होतो. दोन माणसे संध्याकाळभर हेच करत, तेव्हा पुढे एक माणूस आकाशात जाई. जोसेफ राइनहार्टचे नाव किती जणांना ठाऊक आहे? प्रतिभावंताची दंतकथा सर्वांत आधी साथीदारांना गिळते. तबल्याच्या ठेक्याशिवाय ख्याल ऐकून पाहा, म्हणजे मुद्दा कळेल.

१८/
वाद्याचाही वाटा आहे. माक्काफेर्री या इटालियन कारागीराच्या आराखड्यावर पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९३२ पासून गिटारी बनवल्या. विजेच्या मदतीशिवाय भरलेल्या सभागृहात टोकदार आवाज पोहोचवणारे हे वाद्य होते. जँगोची एक सेल्मर आज पॅरिसच्या संगीत-संग्रहालयात आहे. १९३७ मध्ये कोलमन हॉकिन्स आणि बेनी कार्टर हे अमेरिकी दिग्गज पॅरिसमध्ये त्याच्यासोबत ध्वनिमुद्रणाला बसले. तोवर जॅझ अमेरिकेतून युरोपकडे वाहत होते. या माणसामुळे उलट दिशेनेही कान वळले.

१९/
३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झाले तेव्हा पंचक लंडनमध्ये होते. ग्रापेली तिथेच राहिला. जँगो तडकाफडकी फ्रान्सला परतला. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. इथून पुढे दंतकथेची सर्वांत धोकादायक आवृत्ती सुरू होते : ‘नाझींच्या नाकावर टिच्चून वाजवणारा जिप्सी’.

२०/
वस्तुस्थिती अशी. जर्मनीत १९३५ पासून नभोवाणीवर जॅझला बंदी होती. पण व्याप्त पॅरिस हे जर्मन सैनिकांचे सुट्टीचे ठिकाण होते आणि तिथे करमणूक हवी होती. अमेरिकी गाण्यांना फ्रेंच नावे देऊन जॅझ वाजत राहिले. जँगोने क्लॅरिनेटवर ह्यूबेर रोस्तँगला घेऊन नवे पंचक बांधले. डिसेंबर १९४० मध्ये त्याने ‘न्युआज’ (ढग) ही स्वतःची रचना ध्वनिमुद्रित केली आणि ती व्याप्त फ्रान्समध्ये घरोघर पोहोचली. जँगो या काळात कधी नव्हे एवढा लोकप्रिय आणि श्रीमंत होता.

२१/
आता त्याच तारखांना दुसऱ्या दप्तरात काय चालले होते ते पाहू. ६ एप्रिल १९४० : भटक्यांच्या संचारावर संपूर्ण बंदी. हा हुकूम जर्मनांचा नव्हता; जर्मन येण्याआधी फ्रेंच प्रजासत्ताकाचा होता. ऑक्टोबर १९४० : व्याप्त प्रदेशातल्या ‘भटक्यां’ना छावण्यांत डांबण्याचा जर्मन आदेश. अंमलबजावणी फ्रेंच पोलिसांनी केली. कोणाला धरायचे, हे शोधणे अवघड नव्हते. १९१२ च्या वह्या तयार होत्या.

२२/
सुमारे साडेसहा हजार माणसे अशा छावण्यांत कोंडली गेली. माँत्रय-बेले ही त्यांतली सर्वांत मोठी, दक्षिणेत सालिये. भूक, थंडी, चिखल. पहारा फ्रेंच. आणि शेवट कधी? पॅरिस ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झाले, युरोपातले युद्ध मे १९४५ मध्ये संपले. पण शेवटची कुटुंबे अँगुलेमजवळच्या आलिये छावणीतून बाहेर पडली जून १९४६ मध्ये. नाझी गेल्यावर वर्षभराने. ‘सगळे जर्मनांनी केले’ असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

२३/
उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममधून याहून वाईट घडले. जानेवारी १९४४ मध्ये बेल्जियमच्या मेखलेन येथून सुमारे ३५० रोमा माणसांची गाडी आउशवित्सला गेली. परत आलेले अगदी थोडे. ऑगस्ट १९४४ च्या एका रात्री बिर्केनाऊमधला रोमांचा संपूर्ण विभाग, त्यातल्या उरलेल्या हजारो स्त्री-पुरुष-मुलांसह, संपवला गेला. युरोपभर मारल्या गेलेल्या रोमांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. जँगोचा जन्म बेल्जियमचा. ‘राइनहार्ट’ हे आडनाव त्या नोंदवह्यांतही आढळते.

२४/
जँगो निर्धास्त होता काय? १९४३ मध्ये, गर्भवती पत्नी नागीनसह, त्याने स्वित्झर्लंडला निसटण्याचा प्रयत्न केला आणि सीमेजवळ पकडला गेला. जर्मन अधिकारी जॅझचा शौकीन निघाला म्हणून सुटका झाली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा स्विस पहारेकऱ्यांनीच परत पाठवले. बेफिकीर माणूस दोनदा सीमेकडे धावत नाही. त्याला सर्व कळत होते.

२५/
आणि तो शौकीन अधिकारी? हा किस्सा नेहमी ‘संगीत माणसाला वाचवते’ या तात्पर्यासह सांगितला जातो. मला ते तात्पर्य पटत नाही. संगीताने एका माणसाला वाचवले, कारण तो उपयोगी आणि प्रसिद्ध होता. ज्यांना ‘न्युआज’ रचता येत नव्हते, त्यांचे काय? जगण्याचा हक्क प्रतिभेवर अवलंबून ठेवणारी व्यवस्था ही दयाळू ठरत नाही. अपवाद करण्याची चैन तिला परवडते एवढेच दिसते. जँगोच्या सुटकेला सुखान्त म्हणणे म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या अभिरुचीचे कौतुक करणे होय.

२६/
याच काळात जँगोने आपल्या बांधवांसाठी एक ‘मास’, म्हणजे चर्चमधील प्रार्थना-संगीत, रचायला घेतले. स्वरलिपी येत नसल्याने तो वाजवून दाखवी आणि क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेक टिपून घेई. काम पूर्ण झाले नाही. ऑर्गनवरचा एक तुकडा तेवढा उरला. जँगोविषयीच्या लेखनात या अपुऱ्या रचनेला तळटीपेइतकीच जागा मिळते. माझ्या मते ती मध्यभागी असायला हवी. ‘राजकारणाशी देणेघेणे नसलेला’ म्हणून रंगवलेला माणूस, समाजाच्या सर्वांत काळ्या वर्षांत, समाजासाठी सामुदायिक प्रार्थना रचू पाहत होता.

२७/
युद्धानंतर वेगाने. १९४६ च्या अखेरीस ड्यूक एलिंग्टनसोबत अमेरिकेचा दौरा. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री तो फार उशिरा पोहोचला. हा किस्सा सगळे सांगतात. त्याच्या हाती आपली सेल्मर नव्हती, अनोळखी विद्युत गिटार होती. हे कमी सांगितले जाते. १९५१ पासून तो सीन नदीकाठच्या साम्वा गावी राहू लागला. तिथून पॅरिसला जाऊन तो निम्म्या वयाच्या बीबॉप वादकांत बसे. एप्रिल १९५३ च्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात पियानोवर तरुण मार्शियाल सोलाल आहे. हे वादन जरूर ऐका. चाळिशी ओलांडलेला, कीर्तिवंत माणूस नव्याने शिकताना ऐकू येतो. १६ मे १९५३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. वय ४३.

२८/
माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. चमत्काराची कथा लोकांना बळ देते, ती का हिरावून घ्यायची? उदाहरणही भक्कम आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या तरुणाच्या बोटांची टोके तुटली. जँगोची तबकडी ऐकून त्याने उमेद धरली आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ घडले. मी हे नाकारत नाही. पण आयोमीने पुढे केले काय? बोटांसाठी टोप्या घडवल्या, हलक्या तारा शोधल्या, तास घालवले. जँगोकडून त्याने घेतली ती कृती होती. कष्टांची कथा सांगितल्याने बळ कमी होत नाही. ते वापरता येण्याजोगे होते.

२९/
आता आठव्या मुद्द्याकडे. ‘रोमा मूळचे आपलेच’ हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने उच्चारले जाते. भाषेपुरते ते बरोबर आहे. पण १९१२ ला फ्रान्सने वह्या वाटल्या, त्याच्या एक वर्ष आधी, १९११ च्या कायद्याने, १८७१ पासून उत्तरेत असलेला ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का मुंबई इलाख्यातही आला. हजेरी, परवाने, ठसे आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला आणि या समाजांना ‘विमुक्त’ म्हटले गेले. संशय मात्र रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचले की ते कळते. हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांशी नाते सांगणे सोपे असते. पालावर राहणाऱ्या आजच्या माणसाशी ते सांगून पाहावे.

३०/
फ्रान्समध्ये त्या वह्या १९६९ पर्यंत टिकल्या. त्यांची जागा घेणारी प्रवास-पुस्तिका २०१७ मध्ये गेली. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी माँत्रय-बेले येथे जाऊन फ्रान्सची जबाबदारी मान्य केली. तोवर छावण्यांतून सुटकेला सत्तर वर्षे झाली होती. या सत्तर वर्षांत जँगोच्या तबकड्या अखंड विकल्या गेल्या, साम्वाला त्याच्या नावे महोत्सव भरत राहिले. एका समाजाचे संगीत लक्षात ठेवणे आणि त्या समाजाचे काय केले ते विसरणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वांत सावध राहावे ते इथे.

३१/
म्हणून माझी सूचना साधी आहे. ‘न्युआज’ ऐका, मग त्याच्या तारखेखाली ऑक्टोबर १९४० चा आदेश ठेवा. १९३४ च्या तबकड्या ऐकताना निदान एकदा पुढच्या गिटारकडे दुर्लक्ष करून मागच्या दोन गिटारी ऐका. आणि पुढच्या वेळी कोणी ‘दोन बोटांचा जादूगार’ म्हटले, तर त्याला हातांची मोजमापे घेणाऱ्या वहीविषयी सांगा.

तुमच्या गावाजवळ जुनी ‘सेटलमेंट’ होती का? तिथल्या वादकांची, कलावंतांची, शाहिरांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतात का? त्यांची परवानगी घेऊन खाली जरूर लिहा. (समाप्त)